मुरूम लागला, असं मी म्हणालो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. विलासला तर नाहीच — त्याला सांगायचं म्हणून दोनदा जऊळक्याला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून असेल. भित्रा माणूस असाच बोलतो, नाही का?

विलास आणि मी कारंजाला बियाण्यांच्या एका ऑफिसात अकरा वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. साहेब सगळ्यांदेखत झापायचा, आम्ही मान खाली घालून "हो सर" म्हणायचो. एक दिवस विलास म्हणाला, बस झालं. जऊळक्याजवळ त्याचं दोन एकर वावर होतं. तिथे दोघांनी आपल्या हातांनी खोली बांधायची — एकच, पुढे पडवी — आणि तिथंच राहून भाजीपाला लावायचा. राजीनामे एकाच दिवशी द्यायचं ठरलं. त्यानं दिला. मी — मी आईच्या आजारपणाचं कारण लिहून तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. आई ठणठणीत होती. विलासला म्हणालो, मीही दिला.

एवढंच असतं तर कधीतरी सांगूनही टाकलं असतं. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. पण एवढंच नाही.

आमच्याकडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. खाली कडक मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पश्चिमेची बाजू विलासनं घेतली, पूर्वेची मी. त्याला पाच फुटांवर मुरूम लागला. गडी इतका खूश, की मूठभर आणून माझ्या हातावर ठेवला. माझ्या चरात मात्र चार फुटांनंतरही काळीच माती निघत होती. हाताला फोड आले होते. आणि खरं सांगू? ज्याची खुर्ची शाबूत आहे, त्याची कुदळ कितीशी खोल जाणार? विलास टिनपत्रे आणायला कारंजाला गेला, त्या दिवशी मी नाल्यातले दगड टाकून चर भरून टाकला.

संध्याकाळी त्यानं विचारलं, "मुरूम लागला काय रे?"

"लागला," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. कशाला विचारेल?

भिंती उभ्या राहिल्या, टिनं चढली. एप्रिलात पूर्वेची भिंत तडकली — कोपऱ्यापासून थेट टिनापर्यंत. विलास तिच्यासमोर नुसता बसून राहिला. मला काय वाटलं? लाज? छे. सुटलो, असं वाटलं. रजा संपायला आठ दिवस उरले होते आणि परत जायला आयतं कारण मिळालं होतं. असल्या घरात राहून काय करू, म्हणालो. साहेबाच्या हातापाया पडून बघतो, म्हणालो. आणि रजा संपली त्या दिवशी जाऊन आपल्या खुर्चीत बसलो. विलासच्या टेबलावर दुसरं कोणी आलं होतं. ऑफिसात सगळे त्याला हसले. मीही हसलो. "भित उभी करता येत नाही, अन् शेती कराले निघाला" — हे वाक्य माझंच. अजून चालतं तिथे.

विलास त्याच खोलीत राहतो, भिंतीला लाकडी बल्ल्यांचा टेकू देऊन. त्याच्या बायकोनं तिथे पाऊल टाकलं नाही. पडकं घर अंगावर घ्यायला माझी पोरं फुकट मिळालेली नाहीत, म्हणाली, आणि त्यांना घेऊन मानोऱ्याला माहेरी गेली. ती परत आलेली नाही.

गेल्या दिवाळीत तो आमच्याकडे आला. पिशवीभर वांगी घेऊन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग खाली बघत म्हणाला, "जागा मीच दाखवली होती ना. तिथं पहिले नाला असंन, मले समजलं नाही. माह्या नादानं तुही नोकरी जात होती. मले माफ कर बाप्पा."

बायको स्वयंपाकघरात होती. खोलीत आम्ही दोघंच. तेव्हा सांगता आलं असतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला माफ केलं.