आवडाकाकीची चिखलणी

बोर्ली पंचतनच्या बाजारात शिवदासला सगळे मिस्त्री म्हणतात, आणि हे नाव त्याने स्वतःच पसरवलेलं आहे. मुंबईत तो बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगच्या मशीनवर होता. काम काय, तर हिरवं बटण दाबलं की मशीन चालू, लाल दाबलं की बंद. मशीन अडलंच तर लाल बटण दाबून खऱ्या मिस्त्रीला हाक मारायची. हे आता तो स्वतःच हसत हसत सांगतो, पण तेव्हा तोंडातून ब्र काढत नव्हता. गावी परत येऊन त्याने छोटा ट्रॅक्टर घेतला, डोक्याला फडकं बांधलं, खिशात पाना ठेवला, आणि गावानेही फार चौकशी न करता त्याला मिस्त्री करून टाकलं. बायको नूतनला त्या बटणांचे रंगसुद्धा ठाऊक होते. चारचौघांत ती गप्प बसायची, हे तिचे उपकारच म्हणायचे.

ट्रॅक्टर मात्र कामाचा होता. आमच्याकडची खाचरं चिंचोळी, तिथे मोठं धूड वळत नाही. हा बकरीसारखा बांध चढायचा. मागे रोटाव्हेटर लावला की पाणी भरलेल्या खाचरात माती घुसळून लावणीपुरता चिखल तयार. ही चिखलणी पूर्वी बैलांची होती. वाडीतले बैल एकेक करून गेले, शेवटी एक जोडी उरली, ती आवडाबाईची.

आवडाबाई म्हणजे शिवदासची सख्खी चुलती. नवरा गेल्यावर गुंड्या आणि चांद्या या दोन बैलांवर तिने एकटीने शेत ओढलं. शिवदास हात धुऊन तिच्या मागे लागला. "काकी, ह्या वयात शेणमूत कशाला काढतेस? माझा ट्रॅक्टर हाय ना. तुझं शेत पयलं करीन." ती दाद देईना. पण कंबर धरायला लागली, तेव्हा एकदाची हो म्हणाली आणि पलीकडच्या वाडीतल्या दिनानाथला जोडी देऊन टाकली. आपण म्हातारीला सुखी केलं, असं शिवदास भेटेल त्याला सांगत सुटला.

आणि त्याच पावसाळ्यात, काकीच्या पहिल्याच खाचरात, मधोमध ट्रॅक्टर उभा राहिला.

इंजिन छान चालू. गिअर पडतोय. पण क्लचवरचा पाय उचलला की ट्रॅक्टर नुसता थरथरायचा, जागचा हलायचा नाही. बांधावर माणसं जमली, प्रत्येकाने एक रोग सांगितला. शिवदासने सगळ्यांना हातानेच गप्प केलं, फडकं आवळलं आणि जाहीर केलं, "गिअरबॉक्स." का, ते त्यालाही माहीत नव्हतं. शब्द भारदस्त होता, एवढंच.

दोरखंड लावून वाडीतल्या माणसांनी ट्रॅक्टर ओढून त्याच्या पडवीत आणला. काकी मागून चालत आली. "रोपं तयार हायत रे," ती म्हणाली. "पेर धरलंन तर मग फुटायची न्हायत." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर शिवदासला बरं वाटलं असतं. रोप वेळेत लावलं नाही, त्याला कांडं सुटलं, की भात निम्म्यावर येतं, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. दुसरे ट्रॅक्टर आपापल्या ठिकाणी अडकलेले, दिनानाथ त्याच जोडीने स्वतःचं शेत करत होता, आणि म्हसळ्याचा मिस्त्री फोनवर म्हणाला की लावण्या उरकल्याशिवाय मला श्वास घ्यायला वेळ न्हाय. म्हणजे काकीचं वर्षाचं भात शिवदासच्या पान्यावर येऊन ठेपलं. तो पाना त्याने तोवर मुख्यतः कान खाजवायला वापरला होता.

मग त्याने गिअरबॉक्सचं तेल काढलं. तेल चांगलं होतं. ते परत ओतलं. क्लचचं पेडल आवळलं, सैल केलं, पुन्हा आवळलं. छोट्या-मोठ्या गतीचा दांडा मागेपुढे करून पाहिला. काही फरक नाही, फक्त करपल्यासारखा वास यायला लागला. तो वास नूतनच्या तव्याचा आहे असं समजून त्याने तिला दोनदा हटकलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, चूल पेटवलेलीच न्हाय अजून."

शेवटी तो बाजारात हेतलबेनच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला आणि गिअरबॉक्सच्या सामानाची यादी धडाधड सांगू लागला. हेतलबेनने त्याला थांबवलं. "शिवदासभाई, एक सांगा ने. चाक फिरत नाही, पण मागचा रोटाव्हेटर फिरतो का?"

"तो पण न्हाय फिरत."

"दोन्ही बंद, तर मग दोघांच्या आधीच काहीतरी अडलं असेल ने?"

शिवदासने मान डोलावली. हे मला कधीच कळलं होतं, तुमची परीक्षा घेत होतो, अशा थाटात डोलावली. रस्त्याला लागल्यावर मात्र त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. इंजिनाचा जोर क्लचमधून पुढे जातो, मग गिअरबॉक्स, मग चाकं आणि रोटाव्हेटर. म्हणजे क्लच घसरतोय. वास त्याचाच. इतकं साधं. बिचारा तवा उगाच बदनाम झाला.

आता क्लचपर्यंत पोचायचं तर ट्रॅक्टरचे मधोमध दोन तुकडे करावे लागतात. नूतन जॅकखाली ठोकळे सरकवत होती, आणि ती मदतीला आहे म्हटल्यावर शिवदासला शिकवायचा मोह आवरेना. खाली उताणा पडून तो एकेक भाग दाखवू लागला. "हे इंजिन. ह्याच्यामागं हे क्लचचं घर. ह्याला खाली एक भोक असतं, आत पाणी-तेल झिरपलं तर भायेर पडायला. चिखलणीला उतरताना तिथं बूच मारायचं, म्हंजे चिखल आत जात न्हाय. आणि काम झालं की लगेच बूच..."

तो थांबला.

"काढायचं?" नूतनने विचारलं.

बूच जागेवरच होतं. नुसतं होतं असं नाही. मागच्या पावसाळ्यात त्याने ते एम-सील फासून बसवलं होतं, आणि वर हौसेने लाल रंग दिला होता. माझ्या क्लचात थेंब शिरणार न्हाय, असं तेव्हा बाजारात सांगितलंही होतं. शिरला नव्हताच. पण आतलं सील झिजून तेल वर्षभर झिरपत होतं, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. शिवदासने छिन्नी लावून बूच उडवलं, तसं काळं तेल भळाभळा त्याच्या छातीवर, गळ्यात, उघड्या तोंडात पडलं. नूतन आधी घाबरली. मग जी हसायला लागली, ती ठोकळा हातात धरून खालीच बसली. शिवदासही तेल थुंकत हसला. पण हसता हसता काकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर मात्र त्याने तोंड बंद ठेवून काम केलं. वाडीतली माणसं बोलावून ट्रॅक्टर फोडला. क्लचची प्लेट तेलात भिजून, घासून, करपून गेली होती. नवी प्लेट आणि नवं सील हेतलबेनकडून आणलं, आतलं घर पुसून कोरडं ठाक केलं. नवी प्लेट बरोबर मधोमध बसवायला दांडा लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. त्याने नूतनचं लाटणं मागितलं, चिकटपट्टी गुंडाळून जाड केलं, आणि ते असं चपखल बसलं की नूतनला तक्रार करायलाही जागा उरली नाही. दोन्ही तुकडे जोडताना दांत्यांना दांते जुळेनात. सगळे ढकलून दमले. शेवटी इंजिनाचं चाक हाताने जरासं फिरवल्यावर ट्रॅक्टर निमूटपणे एक झाला. शिवदासने किल्ली फिरवली, गिअर टाकला, पाय उचलला. ट्रॅक्टर पडवीतून निघाला तो तुळशीवृंदावनाच्या आधी कसाबसा थांबला.

काकीची रोपं जरा उंच झाली होती, पण पेर धरलं नव्हतं. खाचरात उतरण्यापूर्वी शिवदासने बूच मारलं, नुसतं हाताने पिळून. शेवटच्या खाचरापर्यंत ट्रॅक्टर कुठे अडला नाही. मागोमाग बाया लावणीला उतरल्या. शिवदासच्या अंगात पुन्हा मिस्त्री संचारायला लागला होता. काकी येईल, चार चांगले शब्द बोलेल, मग आपण म्हणू की त्यात काय एवढं, असं त्याने मनात जुळवूनसुद्धा ठेवलं.

काकी आली. डोक्यावर घमेलं होतं. शेवटचं खाचर संपलं की ती दरवर्षी बैल धुवायची आणि त्यांना आंबोण घालायची, कोंडा आणि पेंड भिजवून, वर गुळाचा खडा. बांधावर येऊन ती ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. त्याच्याकडे पाहिलं. मग घमेल्याला हात लावला, आणि हे आपण काय घेऊन आलो ते तिला तिथे उमगलं.

शिवदासने इंजिन बंद केलं.

"हात आपसूक गेला रे," काकी म्हणाली. "सकाळधरनं भिजत घातलंवतं. माझ्या ध्यानातच न्हाय." तिला हसायचं होतं, पण जमलं नाही. पदर तोंडाशी नेऊन ती पाण्याकडे बघत राहिली.

काकीला आपण सुखी केलं म्हणून शिवदास गावभर सांगत होता, आणि तिला काय हवं हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ह्या वेळी त्या लाजेवर विनोद करायचंही सुचलं नाही.

तो खाली उतरला. घमेलं तिच्या डोक्यावरून उतरवून घेतलं आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दोरीने घट्ट बांधलं. मग तिचा हात धरून तिला चाकावरच्या पत्र्यावर बसवलं.

"कुठं नेतोस?"

"दिनानाथकडं. गुंड्या-चांद्याची पण चिखलणी संपली आज."

काकीने दोन्ही हातांनी त्याचा खांदा धरला. "हळू हाक," ती म्हणाली. "गूळ वरच हाय."