दारू सोडणाऱ्याला खाट

बाळांनो, आजी नोकरीत नेमकं काय करायची, असं तुम्ही फोनवर विचारलंत. एका कामाविषयी लिहिते, म्हणजे कळेल.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास मी तिथे सरकारी समाजसेविका होते. जिल्हा नवा, म्हणून सगळं नव्याने पाहणं चाललं होतं. विहिरी, शाळा, दवाखाने. माझ्याकडे आलेलं काम असं, की कुणाला दारू सोडायची असेल तर कुठल्या तालुक्यात उपचाराची काय सोय आहे ते बघून यायचं. दुष्काळाचे दिवस होते. टँकरच्या पाण्याने जुलाब झालेल्या माणसांनी खाटा भरलेल्या, आणि मी दारूचं विचारत फिरायची. लोकांना माझी कीव येत असावी.

उदगीरच्या बाजूला एका बाजारगावच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. ते म्हणाले, "दारूचा पेशंट? एकही येत नाही, मॅडम." गरज नाही, एवढं लिहून मी पुढे निघणार होते. तेवढ्यात एक बाई आली. तिच्या नवऱ्याचं पेठेत किराणा दुकान होतं. तिला झोपेची गोळी हवी होती.

"कुणाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मालकाला. लई थरथरून राहिलेत. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. मुंग्या न्हाईत, डॉक्टरसाहेब."

आम्ही दोघं तिच्याबरोबर गेलो. घर लिंगायतांचं. माजघरात तिचा नवरा घामाने निथळत पडला होता. दाराशी सासरे बसले होते. त्यांना सगळे अप्पा म्हणत.

अप्पांनी आम्हाला बसा म्हटलं आणि लगेच सांगून टाकलं, "हातावर लिंग ठेवून शपथ घेतली ह्यानं, दारूला शिवणार न्हाई म्हणून. अन् लपून पिला. त्याचीच ही शिक्षा हाय. म्या लिंग काढून घेतलं त्याचं."

"पिले न्हाईत, अप्पा," सून म्हणाली. "म्या दारातच झोपत होते. जातील कुठून?"

"तू गप. नवरा हाय तुझा, तू तेच म्हणणार."

तुम्हाला हे सांगायला हवं, की त्या घरांत गळ्यातलं लिंग हा दागिना नसतो. माणूस रोज ते तळहातावर घेऊन पूजा करतो, मगच तोंडात काही घालतो. तिच्या नवऱ्याला शुद्ध कमी होती, पण लिंगाच्या पूजेशिवाय काही घ्यायचं नाही, एवढं पक्कं होतं. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला, त्याने तोंड फिरवलं. गोळीही घेईना.

डॉक्टर अप्पांजवळ जाऊन खाली बसले. "अप्पा, रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की असं होतं. पिला असता तर इतका थरथरला नसता. शपथ मोडली म्हणून नाही, पाळली म्हणून हे होऊन राहिलंय. आता झटके आले तर माझ्या हातात राहणार नाही. मनाच्या आजाराचा डॉक्टर औरंगाबादला, तिथवर हा टिकायचा नाही."

अप्पा सुनेकडे वळले. म्हणाले, "तू खरंच दारात झोपत होतीस?"

"अजून किती येळा सांगू?"

ते उठून देवघरात गेले आणि लिंग घेऊन आले. मुलाचा हात इतका हलत होता, की त्यावर काही ठरेना. अप्पांनी आपला तळवा त्याच्या तळव्याखाली धरला आणि पूजा होईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग तो पाणी प्याला. गोळीही घेतली.

दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. व्हरांड्यात सतरंजी टाकून त्याला ठेवलं. तो वाचला. पुढे एकदा पुन्हा प्यायला, तेव्हा स्वतःच डॉक्टरांकडे आला.

लातूरला परतल्यावर माझ्या साहेबांना मी सांगितलं, की पेशंट येत नाहीत ते गरज नाही म्हणून नव्हे. इथे दारू पिणं पाप समजतात आणि सोडताना होणारा त्रासही पापाच्याच खात्यात जातो. मग दवाखान्यात कोण येईल? साहेब भले होते. पण म्हणाले, "एका घरावरून खाटांची मागणी कशी दाखवू, मॅडम?" अशीच घरं माझ्या माहेरी नांदेडकडेही असणार, पण तिकडे कुणी विचारतच नव्हतं.

पुढच्या खेपेला त्या गावी गेले तर व्हरांड्यात अप्पा बसलेले. शेजारी कुणी दुसराच माणूस, घोंगडीत कुडकुडत.

"हा कोण?" मी विचारलं.

"भावकीतला. सोडतो म्हणाला. म्हटलं, घरी न्हाई सोडायची, हितं चल." डॉक्टर आतून म्हणाले, खाट नाही. अप्पांनी घोंगडी त्या माणसाच्या पायांवर नीट ओढली आणि म्हणाले, "न्हाई तर न्हाई. आम्ही बसलोय की."