उजव्या खड्ड्यातली वांगी

घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी संडास दाखवणारा गृहस्थ उभ्या वर्धा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. चौऱ्याहत्तर साली वडिलांबरोबर मी मुलगी पाहायला गेलो. अल्लीपूरच्या पुढे तीन मैलांवर त्यांचं खेडं. बैलबंडीतून उतरलो, पाय धुतले, आता आत बोलावतील म्हणून टोपी सावरली, तर हे आम्हाला घेऊन निघाले परसात. तिथे विटांची एक लहानशी खोली आणि तिच्यामागे जमिनीत दोन खड्डे, वर फरशीची झाकणं. एक भरेस्तोवर वापरायचा, दर खेपेला आत राख आणि माती टाकायची. भरला की झाकून दुसरा सुरू करायचा आणि झाकलेल्याला वर्षभर हात लावायचा नाही. वर्षाने उघडला की आत सोनखत. एवढं सांगून त्यांनी त्यातलं मूठभर माझ्या वडिलांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "हुंगून पाहा." वडिलांचा असा सत्कार त्याआधी कोणी केलेला नव्हता. त्यांनी नाक लांबूनच हलवलं आणि छान आहे म्हणाले. त्यानंतर मुलीला प्रश्न विचारायचं भान आम्हा दोघांना राहिलं नाही, म्हणून लग्न जमलं, असं माझी बायको आजही म्हणते.

मी तेव्हा सिंदी रेल्वेला शाळेत मास्तर होतो. सासुरवाडीला जायचं म्हणजे वर्ध्यापर्यंत पॅसेंजर, पुढे एसटी, मग बंडी. पोचलो की दुसरे सासरे प्रवास कसा झाला विचारतात; आमचे विचारायचे, जाऊन आले काय? एकदा मी खरं बोलून बसलो, की गाडीतच उरकलं. माझ्यासाठी भरून ठेवलेलं टमरेल त्यांनी रिकामं केलं. मग म्हणाले, "रुळावर गेलं म्हना ना सारं. रेल्वे काय पेरते तेथं?" तेव्हापासून मी पोटाला आवर घालून प्रवास करायला शिकलो. झाकणांवर ते बंडीच्या वंगणाने तिथी लिहून ठेवायचे, आणि मळ्यात कोणी टमरेल घेऊन आडोशाला जाताना दिसला तर त्याला हात धरून घरी आणायचे. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा त्यांचं कार्ड आलं. डावा खड्डा गुरुवारी उघडला, माल दाणेदार आणि कोरडा निघाला, वास अजिबात नाही. खाली उरलेल्या जागेत लिहिलं होतं, मुलगा झाला, दोघेही बरे आहेत.

लोक हसायचे. हसोत. गोठ्यातल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर पंगत मांडणारे लोक कोणत्या तोंडाने हसतात, हे मला अजून कळलेलं नाही. सासरे म्हणायचे, "गाईचं चालते अन् मानसाचं चालत नाई. मानूस येवढा बिघडला काय?" मात्र गावाला खुपत होतं ते खत नव्हतं. शेतीवाडी असलेला कुणबी माणूस स्वतः खड्ड्यात उतरतो, स्वतः टोपली डोक्यावर घेतो, हे खुपत होतं. आणि त्याहून खुपत होतं ते गावाबाहेरच्या मजुरांच्या वस्तीत त्यांनी स्वतः खपून बांधलेले चार संडास. तिथल्या बाया आधी उजाडायच्या आत गोदरीच्या वाटेने उघड्यावर जायच्या, पोट दुखलं तरी दिवस मावळेपर्यंत थांबायच्या. आता त्यांना दार होतं, कडी होती, आणि वर्षाकाठी निघालेल्या खतावर दारची भाजीही पिकत होती. हे त्या बाया हौसेने सांगत, आणि ऐकणारे तोंडाला पदर लावत.

आमच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ आमच्याकडे आले. पंगतीची वांगी त्या खतावरची असणार आहेत, तेव्हा गावातलं एकही घर जेवायला बसणार नाही, तुम्हीही विचार करा, असं सांगून गेले. वडील घाबरले. त्यांनी मलाच पाठवलं, की फक्त भाजी बदला म्हणावं, बाकी काही नाही. मी गेलो. सासरे मळ्यात वांग्यांना पाणी देत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, दांडाचं पाणी वळवलं आणि मग बोलले.

"जवाईबापू, मी माह्या पोरीच्या लग्नात हे वांगं लपवलं, तर उद्या वस्तीतल्या बायाइले कोनीबी म्हनन, पाहा, त्यालेच लाज वाटते. मग त्या परत गोदरीत जातीन. लग्न मोडाचं असन तं मोडा. भाजी हेच राहीन."

मी निघालो तेव्हा विहिरीवर ती उभी होती. लग्नाआधी मुलीने बोलायची रीत नव्हती. "बाबाचं आयकलं ना?" ती म्हणाली, "माहंबी तेच हाये." तिचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

लग्न माघात झालं. पहिल्या पंगतीला पत्रावळी मांडल्या आणि गाव लिंबाखाली उभं राहिलं. व्याही बसल्याशिवाय पंगत सुरू होत नाही, म्हणून सगळे माझ्या वडिलांकडे पाहत होते. सासरे हातात भाजीची बादली घेऊन स्वतः वाढायला उभे, चेहऱ्यावर विनवणी नावाला नाही. वडील भित्रे खरे, पण वांग्याच्या रश्श्यापुढे त्यांचा कुठलाच निश्चय आजवर टिकलेला नव्हता. वास आला आणि ते बसले. त्यांनी तीनदा भाजी मागून घेतली. मग वस्तीतल्या बाया, ज्यांना नेहमी शेवटी बोलावत, त्या आपणहून येऊन दुसऱ्या ओळीत बसल्या. लिंबाखालची निम्मी माणसं त्यावरून निघून गेली, निम्मी पोटाला शरण आली. चुलतभाऊ गेले ते पुढे कधी त्या घरात जेवले नाहीत. चार संडास मात्र वापरात राहिले, आणि पुढे त्यांचे नऊ झाले.

आणि मी? शिकलासवरलेला, मुलांना आरोग्याचा धडा शिकवणारा मी वरण-भातावर उठलो. वांगं पत्रावळीखाली सारून दिलं. कोणी पाहिलं नाही असं मला वाटलं.

त्यानंतर बारा वर्षं मी त्या घरी जात राहिलो, आणि दरवेळी मला बटाट्याची भाजी. ज्या माणसाने बाजारची भाजी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, तो माझ्यासाठी हिंगणघाटहून बटाटे आणवायचा. मी ते जावयाचं कौतुक समजायचो आणि फुगायचो.

शहाऐंशीच्या चैत्रात ते गेले. उजव्या खड्ड्याच्या झाकणावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, पोळ्यानंतर उघडणे. पोळा झाल्यावर मी गेलो आणि धोतर खोचून स्वतः उतरलो. गावाने पाहिलं, पाहू दिलं. माती काळी, भुसभुशीत, वास नाही. सासऱ्यांचाही वाटा त्यात होता. ती मी वांग्यांच्या वाफ्यात पसरली.

पौषात बायकोने त्या वांग्यांची भाजी केली, आणि माझ्यापुढे सवयीने बटाटा ठेवला. मी म्हणालो, आज मला वांगं वाढ. तिने बटाट्याची वाटी बाजूला सारली.

"बाबानं लग्नातच पाह्यलं होतं," ती म्हणाली. "पत्रावळ त्याइनंच उचलली. आईले म्हने, जवायाले बटाटा करत जाजो, अन् कोनाले सांगू नको."

गावापुढे, भाऊबंदांपुढे, माझ्या वडिलांपुढे जो माणूस तसूभर हटला नाही, तो माझ्यापुढे बारा वर्षं गुपचूप हटत आला होता. मला फार लाज वाटली. मी वांगं खाल्लं, आणखी मागून घेतलं. चांगलं झालं होतं. हे त्यांना सांगायला हवं होतं.