उसन्या लुगड्यांची झांकी

वरठी स्टेशनवर गाडी फार थांबत नाही. आधी सामान चढवायचं की आधी माणूस, यावरून बाबा आणि वस्तीतला दिलीपदादा यांचं भांडण लागलं होतं.

"पहिले पोरगी चढवा, बॅग मी खिडकीतून देतो," दिलीपदादा म्हणत होता.

"खिडकीले गज आहेत बे. डोस्कं आहे का तुयं?"

शेवटी मी आणि बॅग एकदमच आत ढकलले गेलो. बाबा कारखान्याच्या खाकी शर्टातच आले होते, मला बसवून तिथूनच ड्युटीवर जाणार होते. आई गजांतून हात घालून माझी ओढणी उगाचच सरळ करत होती. गाडी हलली तशी बाबा दोन पावलं बरोबर चालले आणि म्हणाले, "तिथं कोणाले काही मागू नोको. लागन ते मले सांगजो." आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

मोहाडीच्या अलीकडच्या आमच्या गावातून डिझाइन शिकायला बंगळूरला निघालेली मी पहिली. आमच्या घरात तर कॉलेजलाच जाणारी पहिली. डिझाइन म्हणजे काय, हे तेव्हा मलाही नीट सांगता येत नव्हतं. शेजारच्या शांतामावशीनं स्वतःच अर्थ लावून वस्तीत सांगून टाकलं की सुमनची पोरगी टेलरिंगच्या मोठ्या शाळेत चालली. मी तो खोडला नाही. पुढं दोन वर्षं सुट्टीत गेले की कोणी ना कोणी ब्लाउजपीस घेऊन यायचं.

बाबांनी ते वाक्य का म्हटलं, ते मला माहीत होतं. मला शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं तेव्हा कारखान्यातला एक जण त्यांना म्हणाला होता, "तुमाले का बापा, सगळं फुकट." बाबा घरी येऊन सायकल नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत बसले.

म्हणून मी ते वाक्य फार मन लावून पाळलं. कोणाकडे कटर मागितलं नाही, चार्जर मागितला नाही, शब्दाचा अर्थसुद्धा विचारला नाही. सरांनी पहिल्या आठवड्यात मूडबोर्ड आणायला सांगितला तेव्हा मला वाटलं, त्या दिवशी सरांचा मूड कसा आहे ते लिहायचा काही फळा असेल. रूममेट नंदिनीला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं की आपल्या कल्पनेचा रंगढंग दाखवणारी चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवायची असतात. मी विचारलं नाही. इतरांचे बोर्ड पाहून मीही परदेशी खुर्च्यांचे फोटो चिकटवले. माझी सगळी पहिली कामं तशीच झाली: स्वच्छ, बरोबर, आणि कोणाचीही असू शकतील अशी.

तिसऱ्या सेमिस्टरला तात्पुरत्या रचनांचा विषय आला. एका दिवसासाठी उभी राहील आणि मग नाहीशी होईल अशी वस्तू करा, असं मॅडम म्हणाल्या. वर्गात सगळे पुठ्ठे आणि फोल्डिंग पाइपांबद्दल बोलू लागले. माझ्या डोक्यात मात्र आमच्या जयंतीची झांकी आली, आणि वर्षभरात ती एकदाही कशी आठवली नाही याचं आश्चर्य वाटलं.

तुमच्यापैकी जे आमच्या वस्तीत वाढले त्यांना हे सांगायची गरज नाही, पण जे दुसरीकडचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. एप्रिलातल्या जयंतीच्या रॅलीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा करायचा असतो. कधी संसद, कधी बोधिवृक्ष, कधी चवदार तळं. वस्तीजवळ पैसा नव्हता, म्हणून सगळं घराघरातून मागून आणायचं. बाजा, म्हणजे खाटा, उभ्या केल्या की भिंती होत. धानाचे बोरे, म्हणजे पोती, एकावर एक रचले की झाडाचं खोड. आणि लुगडी तर सगळ्यात महत्त्वाची. निळी लुगडी बाजांवर सैल सोडली की तळ्याचं पाणी. ट्रॉली हलली की पाणीही हलायचं.

पण सामान उसनं असल्यामुळे एक नियम होता. सुई लावायची नाही, खिळा ठोकायचा नाही, कात्री चालवायची नाही. त्याच रात्री त्या बाजेवर कोणालातरी झोपायचं असे. त्यामुळे सगळं बांधायचं, गुंडाळायचं, खोचायचं. दिलीपदादा स्लॅबच्या सेंटरिंगच्या कामावर जायचा, त्याला गाठी चांगल्या यायच्या. एका ओढीत सुटेल पण ट्रॉली खड्ड्यात गेली तरी ढिली होणार नाही, अशी गाठ त्यानं मला सातवीत शिकवली. आणि घरोघर जाऊन सामान मागायचं काम होतं आईचं.

त्या सेमिस्टरला मी तसंच काम केलं. रविवारच्या बाजारातून जुन्या साड्या विकत आणल्या आणि हॉस्टेलच्या मेसमधल्या बेंचांवर एक छत बांधलं. काम तपासायला आलेल्या परीक्षकांना ते फार आवडलं. मॅडमनी माझं नाव हैदराबादच्या विद्यार्थी-कॉन्फरन्ससाठी पाठवलं. तिथं स्लाइड दाखवून भागणार नव्हतं, सगळ्यांसमोर रचना उभारूनही दाखवायची होती.

हैदराबादला मी साड्यांनी भरलेली बॅग घेऊन उतरले. गळ्यात नावाची पट्टी, हातात कापडी पिशवी, जिकडंतिकडं कॉफी. मी भंडाऱ्याची, असं सांगितलं की उत्तरेकडची मुलं विचारत, "भंडारा? जिथं फुकट जेवायला मिळतं ते?" पूर्वी मी अशा ठिकाणी खाली पाहिलं असतं. त्या वेळी मी म्हणाले, "आमच्याकडं जेवायला मिळतं, पण आधी धान रोवायला लागतो." मलाच माझं नवल वाटलं.

पहिल्या दिवशी एका चमूनं बांबूच्या मंडपाचं काम दाखवलं. गावकऱ्यांसोबत मिळून केलं, असं ते सारखं म्हणत होते. फोटो सुंदर होते. पण एकाही माणसाचं नाव त्यांना सांगता आलं नाही. कोणीतरी विचारलं तेव्हा ते एकमेकांकडे पाहू लागले. मला त्यांचं हसू आलं नाही. माझ्या बॅगेतल्या साड्या तरी कोणाच्या होत्या? मी मागितलेल्या नव्हत्या आणि मला त्या कोणाला परत द्यायच्या नव्हत्या. आमच्या झांकीतला अवघड भाग मी अलगद काढून टाकला होता, आणि का काढला तेही मला ठाऊक होतं.

संध्याकाळी आईला फोन लावला. तिनं आधी जेवण विचारलं. मग मी विचारलं, "आई, तू झांकीचं सामान मागायला जायची तेव्हा तुला लाज नव्हती वाटत?"

"लाज कायची व? मायासाठी मागून राहिली होती का मी?"

"पण कोणी नाही म्हटलं तर?"

"म्हणत ना. तुयी शांतामावशी दरसाल नाई म्हणे. मंग रॅलीच्या दिवशी स्वतःच घेऊन ये, कावत कावत." ती हसली. मग म्हणाली, "हे पाय, रिकाम्या हातानं नाई जात कोणाच्या दारात. पहिले आपलं लुगडं खांद्यावर टाकाचं, मंग दुसऱ्याले मागाचं. त्याले दिसलं पाहिजे, का इचं गेलं पहिले."

"बाबा म्हणाले होते, कोणाले काही मागू नोको."

"त्याईचं बरोबर आहे," आई म्हणाली. "अन् मायंही बरोबर आहे. आता तू पाय."

दुसऱ्या दिवशी माझं नाव पुकारलं तेव्हा साड्यांची बॅग मी खोलीवरच ठेवून आले होते. मंचावर आयोजकांनी दिलेले बांबू आणि सुतळी होती, एवढंच. पाठ केलेलं इंग्रजी भाषण अर्ध्यात सोडलं. पुढं जे बोलले ते इंग्रजी, हिंदी, मराठी असं मिसळून गेलं. सांगितलं की माझ्याकडे सामान नाही. आमच्याकडे सामान कधीच नसतं, ते लोकांकडे असतं. मग गळ्यातली ओढणी काढली, पहिल्या बांबूला बांधली आणि म्हणाले, "हे माझं. आता तुमचं द्या. कापणार नाही, टोचणार नाही, संपलं की परत देईन."

कोणी हललं नाही.  कारखान्यातल्या त्या माणसाचा, मी कधीही न पाहिलेला चेहरा मला त्या गर्दीत दिसल्यासारखा वाटला. मला वाटलं, आता हे म्हणतील, फुकट मागायला आली. पण ओढणी बांधून झाली होती. ती सोडून खाली उतरणं जास्त लाजिरवाणं झालं असतं.

पुढच्या रांगेत एक वयस्क तमिळ प्राध्यापिका बसल्या होत्या. त्यांनी अंगावरची रेशमी शाल काढली, पण हातातून सोडली नाही.

"परत मिळेल ना? सासूबाईंची आहे."

"मिळेल मॅडम. होती त्याच घडीत."

"इस्त्रीचे वेगळे पडतील का?" मागून एक मुलगा ओरडला आणि हॉल हसला. मी त्याच्याकडं बोट केलं. "तुझं जॅकेट आण पहिले, मग इस्त्रीचं बघू."

तो आला. मग बाकीचेही आले. स्वेटर, स्टोल, गळ्यातल्या पट्ट्या, चहाच्या टेबलावरचं पांढरं कापड. चहा देणाऱ्या ताईंनी तर टेबलावरचे कप स्वतः उचलून ते काढून दिलं. मी दिलीपदादाची गाठ दोघातिघांना शिकवली, त्यांनी पुढच्यांना. वाकडंतिकडं, रंगीबेरंगी छत उभं राहिलं. ते मेसमधल्या माझ्या छताइतकं देखणं नव्हतं, पण त्याखाली लोक गर्दी करून बसले आणि प्रत्येक जण वर बघून आपली वस्तू शोधत होता. जयंतीला आमच्या बायाही रॅलीत चालताना हेच करायच्या. "ते पाय, मायं लुगडं," असं एकमेकींना दाखवायच्या.

एका गृहस्थांनी विचारलं, "पण हे सोडल्यावर तुझ्या डिझाइनचं काय उरतं?"

मी म्हणाले, "काहीच उरत नाही सर. पण पुढच्या वर्षी तेच लोक पुन्हा देतात. ते परत दिल्यामुळंच."

खरं काम तर नंतर झालं. एक एक गाठ ओढायची आणि हाक मारायची, ही कोणाची, ही कोणाची. वेळ संपला होता, पण कोणी जायला तयार नव्हतं. शाल मी मांडीवर घेऊन तिच्याच घडीत घातली. प्राध्यापिकांनी ती लगेच पांघरली नाही, थोडा वेळ हातात धरून उभ्या राहिल्या.

हॉलबाहेर येऊन मी बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, मी मागितलं."

त्यांनी मग विचारलं, "कोणाले?"

"सगळ्या हॉलले."

"अन् देलं त्याईनं?"

"देलं."

"तू वापस केलं?"

"एक एक."

"मंग मागणं नाई झालं ना ते. उसनं झालं." त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "उसनं तं आमी बी घेतो, पोरी."

हे सगळं इथं संपलं असतं तर गोष्ट फार सोपी झाली असती. पण त्या एप्रिलात मी जयंतीला गावी गेले. मनात होतं की या वर्षीची झांकी आपण करू, मोठी करू. वस्तीच्या तोंडाशीच ट्रॉली उभी होती. तिच्यावर नागपूरहून भाड्यानं आणलेली तयार संसद होती, फायबरची, आतून एलईडी लावलेली.

माझं तोंड पाहून दिलीपदादा म्हणाला, "काहून व, पसंत नाई आली?"

"सामान मागायला कोणी गेलंच नाही?"

"जाईन कोण? तू बंगलोरले. पोट्टे काही पुन्याले, काही सुरतले. मायी कंबर गेली. अन् आता मागत काहून फिराचं? वर्गणी केली, झालं. तुया बापानं सगळ्यात पहिले देली."

मला पुष्कळ बोलायचं होतं. हैदराबादच्या स्लाइड फोनमध्ये होत्या. तेवढ्यात आई घरातून बाहेर आली. अंगावर तिचं निळं लुगडं होतं, तिचं एकच चांगलं, जे मी लहानपणापासून फक्त ट्रॉलीवर पाहिलं होतं.

"जयंतीच्या दिवशी मायं लुगडं माया अंगावर," ती म्हणाली. "पहिल्यांदा." आणि लहान मुलीसारखी स्वतःभोवती फिरली.

मी फोन आत ठेवून दिला. एवढी वर्षं ती सगळ्यांच्या आधी आपलं लुगडं द्यायची आणि रॅलीत विटक्या साडीत चालायची, हे मी कुठल्याच स्लाइडवर लिहिलं नव्हतं. मला जे सुंदर वाटतं त्याची किंमत कोणी दिली, हे विचारायला मी त्या दिवशी शिकले. मागावं लागत नाही, ही काही लहान गोष्ट नाही. बाबांचं बरोबर होतं आणि आईचंही. आम्ही त्या चमकणाऱ्या संसदेमागं रात्र होईपर्यंत नाचलो. शांतामावशीनं मला मध्येच थांबवून ब्लाउजचं माप दिलं.

आता कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. हॉस्टेल सोडून मी एक लहान खोली घेतली आहे. गाव सुटलेल्या तुमच्यासारखीच मीही बरेच दिवस 'घरी' म्हणजे मोहाडीकडं आणि 'रूमवर' म्हणजे इथं, असंच बोलत होते. घर कशाला म्हणायचं, याचा मी बराच विचार केला आणि मला काही सापडलं नाही. मग गेल्या महिन्यात एका रविवारी मी जेवत असताना दार वाजलं. खालच्या मजल्यावर नवीन आलेली बिदरची मुलगी होती. नर्सिंगला आहे. चेहरा उतरलेला, नजर खाली.

"दीदी, सॉरी हं. माझे आई-बाबा आलेत. एकच खुर्ची आहे. तुमची मिळेल?"

मला तिचा तो 'सॉरी' चांगलाच ओळखीचा होता. मी खुर्चीवरून उठले, तीच तिच्या हातात दिली, वर एक चादरही दिली. परत कधी आणशील, असं विचारलं नाही.

ती जिना उतरून गेली. मी खाली बसून उरलेला भात खाल्ला. त्या दिवसापासून या खोलीला मी घर म्हणते.