गावतळ्यातली वायर

आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावातून आम्ही दोघं एकाच पलटणीत गेलो. मी सुभेदार होऊन रिटायर झालो, ग्यानबा नाईकच्या हुद्द्यावर. त्याच्या घरी मेंढरं. हिमाचलच्या पोस्टिंगमध्ये एका पहाडी हवालदारानं त्याला पिसाच्या माशीनं मासे धरायला शिकवलं. गळाला आमिष लावायचं नाही. कोंबड्याचं पीस बांधायचं आणि दोरी मागून पुढं झुलवत ते पाण्यावर माशीसारखं टेकवायचं. पेन्शनवर आला तेव्हा त्या गळाची दांडी खांद्यावर होती.

पावसाळाभर तळ्यात मासेमारी बंद असते. पाणी निवळलं की आमचा हंगाम. पहिल्याच रविवारी 0550 ला आम्ही तळ्यावर पोचलो. उजाडत होतं. कडेला तीन चिलापी पोटं वर करून तरंगत होत्या. मी पाहिल्या आणि पुढं गेलो. आयुष्यभर जवानांना शिकवलं, आधी रेकी, मग मूव्ह. त्या दिवशी मी रेकी केली नाही.

मागं बेशरमाची झुडपं होती, दोरी अडकत होती.

"आत जाऊन टाकतो, साब," ग्यानबा म्हणाला.

"जा. कमरेच्या पुढं नको."

दुसऱ्याच फेकीला चिलापी लागली. तो लेकरासारखा ओरडला, "पाहून राहिले ना साब?"

0615 ला थ्री फेजची लाईट आली. पलीकडच्या शेतातली मोटार सुरू झाली आणि ग्यानबा ताठ झाला. दांडी सुटली. तो तोंडावर पाण्यात पडला.

मी धावलो. काठाच्या चिखलातच पायाला झटका बसला. मागं उडी घेतली, तेव्हा वायर दिसली. खांबावर आकडा, तिथून झुडपांतून थेट पाण्यात. करंट सोडून मासे मारणारा रात्री लाईट गेल्यावर ती तशीच टाकून घरी झोपायला गेला होता.

खांब चाळीस पावलांवर. वाळकी काठी घेतली, आकडा पाडला. मग पाण्यात शिरलो. ग्यानबाला काठावर घेऊन छाती दाबत राहिलो. मोटारीच्या शेतकऱ्यानं जीप आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

वायर कोणाची, हे दुपारपर्यंत गावाला माहीत होतं. पूर्वीही माहीत होतं. त्याच मासळीचं कालवण अर्धं गाव खात होतं. तेराव्याला सरपंच माझ्या शेजारी येऊन बसले.

"सुभेदार साहेब, केस काहून करता? गावातलंच पोरगं हाय. ग्यानबाचं नशीब तेवढंच होतं."

"नशीब न्हाई. वायर होती."

"आता कोर्टाची तकलीफ कोणाला पाहिजे?"

ग्यानबाची बायको सखू दारात उभी होती. ती म्हणाली, "मला पाहिजे."

त्याच दिवशी आम्ही ठाण्यात गेलो. जबाबात मी मेलेल्या चिलापीही लिहायला लावल्या. आरोपी जामिनावर आहे. चौकात मला रामराम करतो. मी घेत नाही.

पलटणीच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात दरवर्षी ड्युटीवर गेलेल्या आपल्या जवानांची नावं वाचतात. यंदा यादी माझ्याकडं होती. चौदा नावं वाचली. मग म्हणालो, "नाईक ग्यानबा."

सेक्रेटरी कानाशी वाकले. "सर, ते ड्युटीवर नव्हते."

"माझ्या हुकमानं पाण्यात उतरला होता," मी म्हणालो आणि नाव परत वाचलं, परेडच्या आवाजात.