रिद्धपूरच्या आमराईतले नंबर

अमरावतीहून सकाळच्या एस.टी.नं निघालो. तिनं मला असं घुसळलं, की रिद्धपूरच्या फाट्यावर उतरलो तेव्हा अंगावर लोणी आलेलं असणार. वाटेत कंडक्टरला माझ्या पिशवीतल्या स्पिरिटचा वास लागला. दिवस दारूबंदीचे. हे मुळं टिकवायला आहे, प्यायला नाही, असं मी सांगितलं. सगळ्या गाडीनं माना डोलावल्या आणि एकानंही विश्वास ठेवला नाही.

आंब्यांवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, झाडाचा रस शोषत नाही; तरी तिला इकडे सरसकट बांदं (बांडगूळ) म्हणतात, हाच मुळात अन्याय. रिद्धपूरची आमरी आणि अकोल्याची मोर्णाकाठची आमरी आतून एकच की वेगळी, हे मला मुळांच्या टोकांतली गुणसूत्रं मोजून ठरवायचं होतं. गेल्या उन्हाळ्यात मी इथल्या बारा आंब्यांवर पत्र्याचे नंबर ठोकले होते. पाच नंबरवरच्या आमरीची गुणसूत्रं इतरांहून वेगळी भरली. पुन्हा तशीच भरली तर माझा शोधनिबंध; नाही तर वर्ष पाण्यात.

आमराईत शिरलो, तर एकाही आंब्यावर नंबर नाही. बाराही पत्रे बांधावरच्या बाभळींवर, ओळीनं. मी असा ओरडलो, की मोर्शीपर्यंतचे पोपट उडाले असतील.

मळ्याची मालकीण गिरजाबाई वांगी तोडत होती. तिनं शांतपणे सांगितलं, पत्रे तिनंच हलवले. सडकेच्या कडुलिंबांना सरकारनं असेच नंबर मारले आणि चार दिवसांत कडुलिंब तोडून नेले.

"बाभया नेल्या त नेल्या," ती म्हणाली. "आंबे काहून देऊ?"

मी विज्ञान, वर्ष, पाच नंबर, सगळं एका दमात तिच्या अंगावर ओतलं. तिनं टोपली खाली ठेवली.

"पाच म्हन्जे शेंद्र्या. सात खोबऱ्या. तुमी खिया ठोकला तवा त्याच्या अंगातून चीक गयत होता, मास्तर. मले इचारलं असतं त सुतळीनं बांदू देलं असतं."

बाराही आंब्यांना नावं होती. खिळ्यांच्या बाराही भोकांवर तिनं बोट ठेवून दाखवलं. मी शेंद्र्यावरच्या आमरीची मुळं स्पिरिटमध्ये टाकली आणि फाटा गाठला.

अमरावतीत गुणसूत्रं मोजली. गेल्या वर्षीइतकीच भरली! निबंधात मी झाडांची नावं घातली: शेंद्र्या, खोबऱ्या, सगळी. माझ्या मार्गदर्शक सरांनी लाल पेन्सिलीनं ती खोडून पुन्हा नंबर घातले. नंबर आता बाभळींवर आहेत, हे मी तासभर ओरडून सांगितलं. शास्त्राला शेंद्र्या ठाऊक नाही, असं ते म्हणाले.

छापून आला तो पाच नंबरच. तो शोधत उद्या कुणी विद्वान रिद्धपूरला गेलाच, तर त्याला बाभूळ मिळेल. काटे रुतले तर माझ्याकडे येऊ नये.