आठ सेकंदांचा क्लॅरनेट

मास्तरांचं बेचाळीस मिनिटांचं वाजवणं मी पुसून टाकलं. चुकून हात लागला वगैरे काही नाही. 'कायमचं पुसायचं का?' असं कॉम्प्युटरने मला रीतसर विचारलं होतं आणि मी 'हो' म्हणालो होतो.

मास्तर म्हणजे पाथर्डीकडच्या एका गावातले बँडमास्तर. बँड आता राहिला नाही, मास्तर तेवढे राहिले. वरातींमध्ये डीजे शिरला तेव्हा त्यांच्या ढोलवाल्याने रिक्षा घेतली, ट्रम्पेटवाला मुलाकडे चाकणला गेला आणि मास्तरांनी क्लॅरनेट ट्रंकेत ठेवून बायकोबरोबर हातात कोयता धरला. तेव्हापासून दर दिवाळीनंतर दोघं ऊसतोडीला जातात.

माझा नगरात रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत आणि गिरणी बंद असेल तेव्हाच रेकॉर्डिंग होतं. हळदीची गाणी, देवीची गाणी आणि निवडणुकीत रिक्षावरून फिरणाऱ्या घोषणा, हा माझा धंदा. पण मनातून मी ॲसिड जॅझवाला. कॉलेजात असताना पुण्यात एका मित्राच्या खोलीवर तो प्रकार ऐकला आणि डोक्यात जाऊन बसला. पाय हलवायला लावणारा ठेका, खाली घुमणारा बेस आणि वर एखाद्या जुन्या वाद्याचा तुकडा कापून पुन्हा पुन्हा फिरवलेला. असलं एक तरी गाणं करायचं आणि जगाला दाखवायचं, असं मी वीस वर्षं नगरमध्ये सांगत फिरलो. खालचा गिरणीवाला एकदाच बोलला. म्हणाला, "ॲसिडनं संडास धुतात एवढं माहितीये. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

दसऱ्याच्या आधी मास्तर एसटीने आले. टॉवेलात गुंडाळलेला क्लॅरनेट मांडीवर घेऊन बसले.

"सर, म्होरचे दात काढायचेत. डाक्टरनं मंगळवार दिलाय. कवळीवर ह्यो धरत न्हाई, नुसता फुरफुरतो. त्याच्या आदी जे हाय ते भरून ठेवा."

"काय वाजवणार, मास्तर?"

"आमच्या म्हाताऱ्याची चाल हाय. नवरी गाडीत बसली की वाजवायची. त्यानं मला दिली. माझ्याकडनं घ्यायला कुनी आलंच न्हाई."

मी म्हटलं, निश्चिंत वाजवा, इथून काही हलत नाही. हे वाक्य मी स्वतः, माझ्या तोंडाने म्हणालो.

मास्तरांनी वाजवायला घेतलं आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच मला माझा तुकडा सापडला. आठ सेकंदांचा. सूर खालून वर चढायचा, जरासा किनरा व्हायचा आणि मधेच तुटायचा. माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर मास्तरांनी काय वाजवलं ते मला विचारू नका. मी डोळे मिटून मान डोलवत होतो, पण मनात त्या आठ सेकंदांखाली बेस बसवत होतो. संपल्यावर मास्तरांनी घाम पुसला आणि म्हणाले, "लई मन लावून ऐकलंत." मी नम्रपणे हसलो.

तीन आठवड्यांत गाणं केलं. आठ सेकंद कापले, फिरवले आणि साडेतीन मिनिटांचा ॲसिड जॅझ तयार झाला. नेटवर टाकला. पहिला महिना माझ्या मेव्हण्याशिवाय कुणी ऐकला नाही, आणि त्यानेही अर्धाच ऐकला. मग कुठल्याशा ट्रॅक्टरवाल्याने उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या चढावर ओढतानाचा व्हिडिओ टाकला आणि मागे माझं गाणं लावलं. झालं. पंधरा दिवसांत उसाच्या प्रत्येक ट्रॅक्टरवर तेच. मग लग्नांत, मग कॉलेजच्या पोरांच्या फोनवर, मग पानटपरीवर. ज्या डीजेने मास्तरांचा बँड बुडवला, तोच आता मास्तरांचा क्लॅरनेट वाजवत होता. मी गल्लीतून चालताना मान जरा वर ठेवायला लागलो. बायको म्हणाली, खाली बघून चाला, गटार उघडं आहे.

त्याच धामधुमीत गावोगावच्या निवडणुका लागल्या. एकाच उमेदवाराच्या अकरा घोषणा, प्रत्येक वस्तीसाठी वेगळी. डिस्क भरली. सगळ्यात मोठं काय आहे म्हणून बघितलं, तर मास्तरांचं मूळ रेकॉर्डिंग. गाणं तर झालंय, म्हटलं, आता हे कशाला? नारळ फोडून खोबरं खाल्लं, करवंटी कोण जपतं? आणि मी 'हो' म्हणालो.

जानेवारीत गोदावरीकाठच्या एका उसाच्या फडातून मास्तरांचा फोन आला. मागे ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरवर आमचं गाणं.

"सर, ह्यो दिवसभर आपलंच लावतोय. पन त्यो म्होरं जातच न्हाई. तेवढंच म्हनतो."

"ते तसंच असतं, मास्तर. फिरवायचं असतं."

"आवो, पन ते वाजवनं न्हाई. त्वांडाकडची रीड भिजली का न्हाई ते बगत हुतो मी तवा. चाल त्याच्या म्होरं हाय."

मी खुर्चीत बसलो. जिल्हाभर गाजलेलं माझं गाणं म्हणजे मास्तरांनी वाजवण्याआधी मारलेली फुंकर होती.

"पैशाचं न्हाई म्हनत मी," मास्तर सांगत होते. "फड संपला की येतो. एकदा समदी ऐकायचीय."

फोन ठेवला आणि डिस्क घेऊन धावलो. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खपून सांगितलं, त्या जागेवर दुसरं काही भरलंय, आता ते निघत नाही. दुसरं काही म्हणजे त्या अकरा घोषणा. मास्तरांच्या वडिलांच्या चालीवर आता एका माणसाचं निवडणूक चिन्ह बसलं होतं. तो माणूस पडला, हेही सांगून टाकतो.

मग मी खोटं बोलायला लागलो. डिस्क पुण्याला पाठवलीय. पुणेवाला गावाला गेलाय. गिरणीची लाइट गेलीय. मास्तर प्रत्येक वेळी म्हणायचे, "असू द्या, घाई न्हाई." त्यांनी एकदा शिव्या दिल्या असत्या तर मी सांगून मोकळा झालो असतो, असं मी स्वतःला समजावायचो. तेही खोटंच.

गुढीपाडव्यानंतर दोघं आले. मास्तर उन्हाने काळे पडले होते आणि नव्या कवळीने तोंड वेगळंच दिसत होतं. त्यांची बायको, म्हणजे मावशी, टॉवेलात गुंडाळलेला क्लॅरनेट घेऊन दाराशीच टेकल्या. मी चहा मागवला, पंखा लावला, उसाचा उतारा कसा होता ते विचारलं. मास्तर कॉम्प्युटरकडे बघत होते.

मावशीच म्हणाल्या, "लावा सर. त्यांना ती चाल आता आठवंना झालीय. तोंडानं म्हनाया लागले की ट्रॅक्टरवरचंच येतंय, आन् तिथंच अडकत्यात. चार म्हैनं रोज तेच कानावर. रातचं उठून बसत्यात."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. 'हो' म्हणालो तेही.

चहावर साय धरली. खाली गिरणी सुरू झाली आणि खोलीभर घरघर भरली. बऱ्याच वेळाने ती थांबली तेव्हा मास्तर खुर्ची पुढे ओढून माझ्याजवळ आले. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट काहीतरी सुचल्यासारखा उजेड होता.

"सर, जाऊ द्या ते मशिनीचं. तुमी तर ऐकलीय ना? समदी, मान हालवून. सुरवातीचं जरा गुनगुना. नुसतं त्वांड लावून द्या, म्होरलं मी वढतो."

मी तोंड उघडलं. वीस वर्षं मी संगीतावर बोलतोय. डोळे मिटले, ती दुपार आठवली, मास्तरांची हलणारी बोटं आठवली. सूर एकही आठवला नाही. शेवटी घशातून जे निघालं ते खालून वर चढलं आणि मधेच तुटलं.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मावशींनी पदर खोचला आणि क्लॅरनेटचा टॉवेल उचलला.

"उठा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "ह्या मानसानं ऐकलंच न्हाई."